पंधरा मिनिटांचे शंभर

"तू तुझं काम कर. मी इथे नाहीच असं समज," असे म्हणून आत्याबाई फोटो-चौकटींच्या दुकानातल्या एकुलत्या एका पाठीच्या खुर्चीवर बसल्या.

आत्याबाई एखाद्या जागी नाहीत असे समजणे आजवर कोणालाही साधलेले नव्हते. पोस्टाच्या खिडकीमागे त्यांनी बत्तीस वर्षे काढली होती, आणि पाकिटाच्या वजनावरून वाद घालायला आलेली धट्टीकट्टी माणसे त्यांच्यासमोरून मुकाट्याने जादा तिकीट लावून परत गेली होती. आता त्यांच्या मांडीवर रेघांची वही होती, हातात टोक काढलेली पेन्सिल होती आणि नजर होती भाच्यावर.

भाच्याला सगळा रस्ता 'काटकोन' म्हणत असे. लाकडी पट्टीचे चार तुकडे कापून तो त्यांचे कोपरे असे जुळवी, की फटीत केसही शिरू नये. त्याच्या हाताबद्दल कोणाची तक्रार नव्हती. प्रश्न एवढाच होता, की दिवसभर दुकान उघडे ठेवून, पाणी प्यायलाही न उठता हा माणूस महिनाअखेरीला रिकाम्या खिशाने घरी कसा जातो?

जागा आत्याबाईंची होती, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. तीन वर्षांत त्यांनी भाडे मागितले नव्हते, आणि न मागितल्यामुळे ते मिळालेही नव्हते. शेजारचा मोबाइलवाला मधली भिंत पाडून दुकान वाढवायला केव्हाचा टपून बसला होता. आत्याबाईंनी आदल्याच दिवशी भाच्याला निकाल ऐकवला होता, "एक महिना. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, दुकानानं स्वतःचं भाडं काढलेलं हवं आणि घेतलेलं एकही काम बाकी राहिलेलं नको. दोन्हीपैकी एक जरी हुकलं, तरी किल्ली शेजारी."

आत्याबाई बोललेले फिरवत नसत. हे काटकोनाला पक्के ठाऊक होते, म्हणून तो सकाळीच कामाला लागला होता.

दुकानात पहिली आली ती कोपऱ्यावरची बेकरीवाली. तिच्या लेकीच्या पोहण्याच्या स्पर्धेचा फोटो होता.

"दुसऱ्या रांगेतली ही माझी मुलगी. साधी पट्टी चालेल, दादा."

"छान," काटकोन म्हणाला. त्याने फोटो उजेडात धरला. "आणि ही कडेला टॉवेल घेऊन रडतेय, ती कोण?"

"ती? ती पहिली आली."

"पहिली आली आणि रडतेय?"

काटकोनाने हातातली पट्टी खाली ठेवली. बेकरीवालीने पिशवी खाली ठेवली. आत्याबाईंनी घड्याळात पाहून वहीत आकडा लिहिला. पहिली आलेली मुलगी का रडत होती, तिची आई प्रशिक्षकाला काय बोलली, त्यावर प्रशिक्षक तीन दिवस कुठे गायब झाला, हे सगळे उलगडून होईपर्यंत बेचाळीस मिनिटे झाली. चौकटीचे तीनशे ठरले. लाकूड आणि काच वजा जाता हातात राहणार होते साठ.

संध्याकाळी आत्याबाईंनी वही वाचून दाखवली.

"नऊ तास दुकान उघडं होतं. त्यात हातात काम तीन तास दहा मिनिटं. बाकीचा वेळ तोंडात."

"गिऱ्हाइकंच गप्पिष्ट आहेत गं, आत्या. त्यांना जा कसं म्हणू?"

"गिऱ्हाइकं गप्पिष्ट नाहीत. तू चौकस आहेस. आज सोळा माणसं आली, त्यातल्या चौदा जणांच्या वेळी पहिला प्रश्न तुझा आहे. तो पानवाला पोस्टर घेऊन आला होता पोस्टर! त्याला तू विचारलंस, 'हे भिंतीवर नक्की कोणाला दिसावं असं वाटतंय?' मग तो तासभर बोलला, यात त्याची काय चूक?"

"पण चित्रातलं माणूस कळल्याशिवाय पट्टी कशी निवडू? रुंद द्यायची का बारीक, गडद का फिकी, ते त्या माणसावरच तर ठरतं."

"मग विचार की. नको कोण म्हणतंय? फुकट का विचारतोस?"

काटकोनाने फुंकर मारून टेबलावरचा भुसा उडवला. हे त्याच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

"डॉक्टर तपासायचे घेतो, वकील बोलायचे घेतो," आत्याबाई उठता उठता म्हणाल्या. "तुझ्या लाकडाला किंमत आहे, काचेला आहे, खिळ्या-चुकांना सुद्धा आहे. तुझ्या डोक्याला आणि दिवसालाच तेवढी नाही? लाव बोर्ड."

बोर्ड लागला. 'सल्ला व चौकशी : दर पंधरा मिनिटांस शंभर'. काटकोनाने अक्षरे इतकी रेखीव काढली आणि बोर्डाला स्वतःच अशी सुरेख चौकट केली, की त्यात दोन तास गेले. "या बोर्डाचेच आठशे झाले," असे म्हणत आत्याबाईंनी पाटी दर्शनी भिंतीवर टांगली.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्याची वाणी बंद झाली. जी माणसे तासभर हलत नसत, ती दारातूनच तार केल्यासारखी बोलू लागली. "फोटो. दोन. बारीक पट्टी. परवा." काटकोन तोंड उघडणार इतक्यात गिऱ्हाईक दोन्ही हात वर करी, "नको, दादा, काही विचारू नका!" आणि मागच्या पावली रस्त्यावर जाई. एका बाईने तर दाराबाहेरूनच चित्र आत सरकवले, त्यावर चिठ्ठी चिकटवून. दिवसाला अकरा चौकटी होऊ लागल्या. आत्याबाईंची वही प्रसन्न दिसू लागली. काटकोनाला मात्र जेवण जाईना. चिठ्ठीवाल्या बाईच्या चित्रात एक बोट होती आणि बोटीत एक शिलाई मशीन होते. बोटीत शिलाई मशीन कशाला?

चौथ्या दिवशी एक तरुण आला. "आजोबांचा फोटो. साधी, गंभीर पट्टी. खाली नाव आणि तारीख. शनिवारी नेतो," एवढे एका दमात बोलून, नाव आणि जन्मतारीख लिहिलेला कागद ठेवून तो पळाला.

काटकोनाने काहीही विचारले नाही. त्याने काळी पट्टी निवडली, कडेला करडी किनार दिली आणि पितळी पट्टीवर सुबक अक्षरांत नाव, जन्मतारीख, एक छोटी आडवी रेघ कोरली आणि रेघेपुढे मोकळी जागा सोडली, नातवाने दुसरी तारीख सांगितली नव्हती म्हणून.

शनिवारी फोटो न्यायला आजोबा स्वतः आले.

त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग पितळी पट्टी पाहिली. मग काटकोनाकडे पाहिले.

"नव्वदी आहे माझी, उद्या," ते शांतपणे म्हणाले. "ही पुढची तारीख... मी स्वतः आणून देऊ, की तुमच्याकडे काही अंदाज आहे?"

काटकोनाचे डोळे पांढरे झाले. चौकट फुकट बदलून दिली, नवी पितळी पट्टी फुकट, आणि माफी मागण्यात सव्वा तास गेला. त्या सव्वा तासाचे कोणाकडे मागायचे, हे बोर्डावर लिहिलेले नव्हते.

"बघ," रात्री जेवताना तो म्हणाला, "विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं."

आत्याबाईंनी यावर एक दिवस विचार केला. चूक मान्य करणे त्यांना जड जात नसे, फक्त ती चूक आहे असे त्या म्हणत नसत. "नियमात सुधारणा," त्यांनी जाहीर केले. "पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना सक्तीची. शंभर चौकटीच्या किमतीतच धरायचे. आणि हे बघ, माणसाचा वेळ विकत देतोयस, तर त्याच्या तोंडाकडे बघायचं. हातोडी बाजूला. अर्धं लक्ष द्यायचं आणि पूर्ण पैसे घ्यायचे, असला व्यवहार माझ्या जागेत नको."

नियम न्याय्य होता. गडबड वेगळीच झाली.

कुंभारकाम करणारी एक ताई भांड्यांचे चित्र घेऊन आली. काटकोनाने हातोडी बाजूला ठेवली, तिच्या तोंडाकडे पाहिले, चार प्रश्न विचारले आणि चार मिनिटांत पट्टी ठरली.

"झालं, ताई."

"झालं कसं?" ताई म्हणाली. "अजून अकरा मिनिटं आहेत माझी."

"पण पट्टी ठरली ना?"

"पट्टी ठरली हो. पैसे पंधराचे दिलेत ना मी? उरलेले परत करता?"

काटकोनाने आत्याबाईंकडे पाहिले. आत्याबाईंनी मान हलवली. पोस्टात एकदा लावलेले तिकीट परत निघत नसे.

"मग मी बसते," ताई म्हणाली आणि बसली. "बरं, मला सांगा, माझी जाऊ गेले दोन महिने माझ्याशी बोलत नाहीये. काय केलं असेल मी?"

जावेचे प्रकरण अकरा मिनिटांत मावणारे नव्हते. ताईने आणखी शंभर काढून ठेवले. काटकोनाने एकच विचारले, "दोन महिन्यांपूर्वी तुमच्याकडून तिच्याकडे काही गेलं होतं का?" ताई चमकली. तिने घडवलेली फुलदाणी गेली होती, आणि फुलदाणीला तडा होता, आणि तो तडा ताईला ठाऊक होता. ताई तडक जावेकडे गेली. दुसऱ्या दिवशी दोघी जावा हातात हात घालून दुकानात आल्या. चित्र दोघींकडेही नव्हते.

"अर्धा तास द्या," थोरली म्हणाली. "सासूबाईंबद्दल विचारायचंय."

आठवड्याभरात दुकानाबाहेर बाक टाकावा लागला. पहिला माणूस घर बदलावे का विचारी, दुसरा मुलाने लिहिलेला निबंध वाचून दाखवी, तिसऱ्याला काहीच विचारायचे नसे, त्याला फक्त कोणी मध्ये न बोलता ऐकणारे हवे असे. काटकोन उपदेश करत नसे. तो विचारी, आणि उत्तर खरोखर जाणून घ्यायचे असल्यासारखा पुढे झुके, कारण ते त्याला खरोखर जाणून घ्यायचे असे. लोक खूश होऊन शंभर ठेवीत. भाडे दुसऱ्याच आठवड्यात निघाले. आत्याबाईंनी नव्या पेन्सिलींचा डबा घेतला.

शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी बेकरीवाली कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"दादा, माझ्या मुलीचा फोटो कुठाय?"

"होतोय. त्या चिठ्ठ्यांच्या घाईत मागे पडला."

"तीन आठवडे होतोय! रोज बघते मी, तुम्ही बसलेलेच असता!"

आत्याबाईंनी प्रथमच मागच्या खोलीत डोकावून पाहिले. भिंतीला टेकून एकेचाळीस चित्रे उभी होती, चौकटीविना, तोंडे भिंतीकडे करून, शिक्षा झालेल्या वर्गासारखी.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"कामं."

"मग करत का नाहीस?"

"कधी करू, आत्या?" काटकोन कळवळून म्हणाला. "तूच मोज. दिवसाचे नऊ तास, तासाचे चार तुकडे. छत्तीसच्या छत्तीस विकलेत आपण. आणि विकलेल्या वेळात हातोडी धरायची नाही. मला एक तरी तुकडा उरलाय का?"

आत्याबाईंनी बोटांवर मोजले. उत्तर पुन्हा छत्तीसच आले. बत्तीस वर्षांत त्यांच्या खिडकीवर असा प्रकार घडला नव्हता, की सगळी तिकिटे खपावीत आणि पत्र एकही जाऊ नये.

त्याच दिवशी बोर्डावर वर्तमानपत्र चिकटवण्यात आले. आगाऊ पैसे भरून बसलेल्या सहा जणांना आत्याबाईंनी स्वतः पैसे परत केले. ते करताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की चौघांनी घाईने 'राहू द्या' म्हटले. दारावर पडदा ओढला गेला. काटकोन सकाळी सातला आरीला हात घाली, तो दिवेलागणीलाच काढी. आत्याबाई काच पुसत, पुठ्ठा मोजत, आणि दारातून कोणी "काय, दादा..." एवढे म्हटले तरी "श्श!" करत. एकेचाळीसची तीस झाली, तिसाची बारा झाली. शनिवारी दुपारी चारला एकच चौकट उरली, सुताराच्या मुलीच्या प्रशस्तिपत्राची. वीस मिनिटांचे काम. पाच वाजता मोबाइलवाला उत्तर ऐकायला येणार होता.

सव्वाचारला पडदा सारून एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, काखेत कागदात गुंडाळलेले काहीतरी.

"सल्ला बंद आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"मला सल्ला नकोच आहे," बाई म्हणाल्या. "पट्टी मी ठरवून आले आहे. सोमवारी सुरू केलंत तरी चालेल."

"मग पावतीही सोमवारचीच फाडते," आत्याबाई सावधपणे म्हणाल्या. बाईंनी कागद सोडून फोटो टेबलावर ठेवला.

मोठा, जुना, उत्तम छापलेला फोटो होता. एका कचेरीच्या पायऱ्यांवर बावीस माणसे तीन रांगांत उभी होती. पुढच्या रांगेला खुर्च्या होत्या. कपडे इस्त्रीचे होते, केस विंचरलेले होते. आणि बावीसच्या बावीस जण कॅमेऱ्याकडे पाठ करून होते. खुर्चीतले सुद्धा.

काटकोनाने पाहिले आणि मान खाली घालून करवत उचलली. उरलेली पट्टी कापली. कोपरा जुळवला. कोपऱ्यात फट राहिली.

आत्याबाईंनी ते पाहिले. त्याच्या हातून असे कधी झालेले त्यांनी पाहिले नव्हते. त्याने दुसरा तुकडा कापला. फट आणखी रुंद झाली. त्याची नजर लाकडावर नव्हतीच.

"अरे, इकडे बघ! पावणेपाच होत आले!"

"बघतोय, आत्या." तिसरा तुकडा आखूड झाला. मग त्याच्याने राहवेना. "बाई, एवढंच... हे सगळे पाठमोरे का आहेत हो?"

"ते सांगायला वेळ लागेल," बाई म्हणाल्या.

"किती?"

"पंधरा मिनिटं तरी. माझा पंधरा मिनिटांचा दर दोनशे आहे."

काटकोनाने करवत खाली ठेवली.

"दोनशे?" आत्याबाई म्हणाल्या.

"मी शिकवण्या घेते. वीस वर्षं माणसं मला 'जरा एवढंच सांगा' म्हणत आली आहेत. एवढंच सांगता सांगता माझ्या संध्याकाळी गेल्या, तेव्हा दर ठरवला." बाईंनी वर्तमानपत्राखाली डोकावणाऱ्या बोर्डाकडे पाहिले. "तुमचा दर रास्त आहे. पण गिऱ्हाइकानं विचारलं तर गिऱ्हाईक देतं, आणि दुकानानं विचारलं तरी गिऱ्हाईकच देतं, हे काही मला पटलं नाही. ज्याला जाणून घ्यायचंय, त्यानं द्यावेत."

काटकोनाने आत्याबाईंकडे पाहिले. आत्याबाईंनी या वाक्यात खोट शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला, आणि खोट नव्हती.

"दे," त्या म्हणाल्या.

काटकोनाने खिशातून दोनशे काढून दिले. बाईंनी घड्याळ पाहिले, पदर नीट केला आणि सुरुवात केली.

"ही आमच्या वडिलांची कचेरी. साहेब बदलून चालले होते, म्हणून निरोपाचा फोटो. साहेब कोणालाच आवडत नसत, पण तसं कोणी कधी बोललं नव्हतं..."

बाई बोलत होत्या, आणि आत्याबाईंना एक गोष्ट दिसली. भाच्याने बाईंच्या तोंडाकडे बघायचे सोडून दिले होते. आजवर घेतलेल्या पैशांपायी त्याला हात बांधून बसावे लागत होते. आज पैसे त्यानेच मोजले होते, तेव्हा कोणाची भीड उरली नव्हती. कान बाईंकडे होते आणि हात आपापले चालले होते. "मग?" म्हणत त्याने नवा तुकडा कापला. "बापरे! मग फोटोवाला काय म्हणाला?" म्हणत कोपरा जुळवला. केसही शिरणार नाही असा. काच बसली, पुठ्ठा बसला. "आणि वडिलांनी आधी कोणाला सांगितलं होतं?" म्हणत त्याने शेवटची चूक ठोकली. पाचला सात कमी होते. महिन्याभराच्या कामांतले एकही काम बाकी नव्हते.

"वडिलांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "फोटोवाल्यानं एक म्हटलं, दोन म्हटलं. साहेब मधल्या खुर्चीत, हसून तयार. आणि तीन म्हणायच्या आधी, बावीसच्या बावीस माणसं एकदम..."

बाईंनी घड्याळ पाहिले आणि थांबल्या.

"एकदम काय?" काटकोन ओरडला. "आणि बावीस कसे? साहेब धरून तेवीस हवेत! का साहेबही त्यात आहेत? साहेबांनी पाठ का केली?"

"पंधरा मिनिटं झाली."

काटकोनाने एक खिसा उलटा केला, मग दुसरा. दोन्हींतून भुसा निघाला.

त्याच क्षणी पडदा सरला आणि मोबाइलवाला आत आला. हातात भिंत पाडण्याचा नकाशाच होता. "आत्याबाई, पाच वाजले. काय ठरलं मग आपलं?"

"थांबा हो जरा," आत्याबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. त्या पर्स उघडत होत्या. "आणि तो नकाशा घेऊन जा घरी. जागा द्यायची नाहीये."

"द्यायची नाही? अहो, पण महिनाभर तुम्हीच..." बोलता बोलता त्याचे लक्ष टेबलावर गेले. तो पुढे झाला. मान तिरकी करून त्याने फोटो पाहिला, मग दुसऱ्या बाजूने पाहिला. "हे काय? हे सगळे असे पाठ करून का उभे आहेत?"

आत्याबाईंनी पर्समधली शंभराची एकच नोट बाहेर काढली, उरलेली पुन्हा आत सारली आणि बत्तीस वर्षांच्या खिडकीवरचा आवाज लावला.

"दोनशेत पंधरा मिनिटं. निम्मे माझे, निम्मे तुमचे. आधी ठेवा, मग बसा."

मोबाइलवाल्याने नकाशा बगलेत मारला आणि पाकीट काढले.